पालथी ताटं

९ जानेवारी

वहिनी,

पाकिटावरचं अक्षर माझं बघून तुझ्या काळजात धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगतो, दोघंही बरे आहोत. दादाने नाही लिहिलं म्हणजे दादाला काही झालं असं मनात आणू नकोस. काम जोरात आहे. कारखान्याचं धुराडं आता विजेच्या खांबांच्याही वर गेलंय आणि दादा वेल्डिंगला सगळ्यात वरच्या टप्प्यावर असतो. खाली उतरला की पडतो अंथरुणावर. म्हणून पत्र नाही.

मी लिहितोय ते कामासाठी. मला आपली आंबट पेज करायची आहे.

हसू नकोस. इथे शेकडो लोकांचा स्वयंपाक एकटा ओढतो मी, पण ती पेज मला येत नाही हे परवा कळलं. ताप आला की तू पेज द्यायचीस, नापास झालो की पेज, दादाने बदडलं की पेज. मी चुलीपाशी घुटमळायचो खरा, पण माझं लक्ष वाटीकडे असायचं, तुझ्या हाताकडे नाही. परवा आठवून आठवून केली. खळ झाली. भांड्यांवरची मावशी म्हणाली, भिंतीवर कागद चिकटवायला छान आहे. आंबटपणाचा पत्ता नाही. लिंबू पिळलं तर आणखीच बिघडली.

पीठ आदल्या दिवशी भिजवायचं की दोन दिवस आधी? वरचं पाणी टाकायचं की त्यातच शिजवायचं? लसूण जाळायचा की नुसता लाल करायचा? सगळं लिही. तुला फालतू वाटेल तेही लिही.

आताच का सुचलं म्हणशील. तर सध्या वेळच वेळ आहे. पातेली भरून बाहेर जातात आणि भरूनच परत येतात. थंडीने माणसांची भूक मरते बहुतेक.

दादाला यातलं काही कळवू नकोस. आमचं अजून तसंच आहे. 'वेल्डिंग शिकवायला आणला आणि हा पळ्या हलवत बसला,' असं तो म्हणायचा तोवर ठीक होतं, मी हसण्यावारी न्यायचो. पण ऑफिसच्या लोकांच्या बाजूला मला खोली मिळाली आणि त्याने बोलणंच टाकलं. साहेबांच्या दारचा झाला म्हणतो. मी वाढायचो, तो जेवायचा, मध्ये एका पळीचं अंतर आणि तोंडातून शब्द नाही.

सामानाचा ट्रक आला की ट्रकवाले मामा जाताना पत्रं नेतात. उत्तर लवकर दे. खरंच लवकर.

तुझा
बारक्या


२१ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र मावशीला वाचून दाखवलं, ती पोट धरून हसली. 'पीठ घ्यावं तेवढं, पाणी लागेल तेवढं, आणि हाताला कळेल तेव्हा उतरवावी.' अगं, हाताला कळलं असतं तर तुला कशाला विचारलं असतं?

तरी जमेल तसं केलं. पीठ भिजवलं, पिंपावर फडकं बांधलं, वाट बघितली. आंबायचं नाव नाही. इथली थंडी अशी की सकाळी तेल दगड होतं. मग पिंप गरम पाण्याच्या बॉयलरशेजारी नेऊन ठेवलं. तर आंबण्याऐवजी कुजलं. पाणी टँकरचं, त्यात औषध घालतात, त्याचा वास येतो. मामा म्हणाले, जंतू मारायचं औषध तुझ्या आंबवणालाही मारत असेल. आणि पीठ गिरणीचं, पावडरीसारखं. आपल्या तांबड्या धान्याची भरड इथे कुठून आणू?

आता तू शेवटी जे विचारलंस ते. 'पातेली भरून परत येतात म्हणजे काय रे?' तुझ्या नजरेतून काही सुटेल म्हणून मी लिहिलं तरी कसं!

माणसं वर न्यायला इथे लोखंडी पिंजरा आहे, दोरावर चालतो. त्याला सगळे पाळणा म्हणतात. डिसेंबरात त्याचा दोराला अडकवायचा आकडा तुटला आणि पाळणा खाली आला. आत एक गवंडी होता. वर काम करताना सारखी शिट्टी वाजवायचा, म्हणून त्याचं नावच शिट्टी पडलं होतं. आपल्याच भागातला. जागेवर गेला. दोन दिवसांत आकड्याला वेल्डिंगचा टाका मारून पाळणा पुन्हा चालू केला.

तेव्हापासून आपल्याकडची माणसं आमचं जेवण घेत नाहीत. पाळणा बंद करा, नवा दोर, नवा आकडा, नवा ब्रेक बसवा, मग जेवू, असं म्हणणं आहे. काम बंद केलं तर दुसऱ्या दिवशी घरी पाठवतील, करारातच आहे तसं. जेवण बंद केलं तर काय करायचं, हे मात्र करारात लिहायला कुणाला सुचलेलं नाही. जेवणाच्या वेळी सगळे येतात, ओळीने बसतात, ताट पालथं घालतात. जेवायला लागतो तेवढा वेळ गप्प बसून राहतात आणि उठून जातात. दुकानातून पाव आणतात, कोऱ्या चहाबरोबर खातात आणि तेवढ्यावर वर चढतात. मला त्या पालथ्या ताटांच्या रांगेतून पळी घेऊन फिरावं लागतं. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारलं, वाढू का? आता नाही विचारत.

दादा त्यात नाही. तो आपल्या कामाशी काम ठेवतो, तुला माहीतच आहे.

परवा साइटचे मोठे साहेब स्वतः स्वयंपाकघरात आले. कधी येत नाहीत. पातेल्यात डोकावले आणि म्हणाले, "तुमच्याकडे माणूस आजारी पडला, त्याने अन्न टाकलं, तर घरचे काय करून देतात रे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आंबट पेज."

"मग ती कर. काय लागेल ते माग."

त्यांनी धान्याचं पोतं मागवलंय. आपल्याकडचं, तांबडं. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. एवढी मोठी माणसं आपल्या पेजेसाठी ट्रक पाठवतात म्हणजे काय! आंबवणाचं काय करू तेवढं कळव.

तुझा
बारक्या


२ फेब्रुवारी

वहिनी,

आंबवण पोहोचलं. मडक्याच्या तळची खपली खरवडून, सुकवून, फडक्यात बांधून पाठवायचं हे तुलाच सुचू शकतं. पाकीट फोडलं आणि वास आला, मी तसाच उभा राहिलो. मावशी म्हणाली, घरून वाईट बातमी आहे का?

बातमी होती. तुझं पत्र.

मी खोटं लिहिलं. तुला ते दुसऱ्याकडून कळायला नको होतं. इथल्या एका फिटरच्या बायकोने तिकडे नळावर, चार बायकांत, 'तुमचे तर म्होरके आहेत' म्हणून सांगावं आणि तू हंडा तसाच सोडून घरी यावंस, हे वाचून मला जमीन दुभंगावी असं झालं. तू म्हणतेस ते खरं आहे. मी लहान नाही.

तर ऐक. पहिलं ताट दादानेच पालथं घातलं. आकडा तुटल्यावर साहेबांनी आधी त्यालाच बोलावलं होतं, टाका मारून दे म्हणून. दादा म्हणाला, "मी गेट जोडीन, टाकी जोडीन. ज्यावर माणूस लटकणार तो तुटका आकडा नाही जोडणार." मग दुसऱ्याकडून जोडून घेतला. त्याच संध्याकाळी जेवायला बसल्यावर मी भाताची पळी पुढे केली आणि दादाने ताट उलटं केलं. मला वाटलं, राग माझ्यावर आहे. शेजारच्याने उलटं केलं, मग त्याच्या शेजारच्याने, तेव्हा कळलं.

आणि हेही खरं की पेज मी साहेबांसाठी करायला घेतली नव्हती. पहिलं पत्र लिहिलं तेव्हा साहेब आलेही नव्हते. गेल्या वर्षी त्याला रक्ताची उलटी झाली होती, डॉक्टरने पोट रिकामं ठेवायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि इथे हा पाव आणि कोऱ्या चहावर. मला वाटलं, दुसरं काही घेणार नाही, पण पेजेला नाही म्हणणार नाही. एक वाटी त्याच्या खाटेखाली सारून ठेवेन, बास. माझा बेत एवढाच होता. आता त्याचं वेगळंच होऊन बसलंय.

परवा तो पाण्याच्या नळावर एकटा दिसला. गालफडं बसलीत. पट्ट्याला नवं भोक पाडलंय, खिळ्याने, वेडंवाकडं. मी म्हटलं, "दादा, वहिनीचं पत्र आलं."

तो थांबला. किती महिन्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरी आहे?"

"बरी आहे. पण तुझी..."

"बास," म्हणाला आणि बाटली न भरताच गेला.

साहेबांनी काल खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं, खुर्ची दिली. मला खुर्ची देतात तेव्हा मी समजतो, काहीतरी हवंय. म्हणाले, "पोटात काही नसताना एवढ्या उंचीवर. एखादा चक्कर येऊन पडला तर पुन्हा माझ्याच गळ्याशी. तुझी पेज कधी होणार?" मी म्हटलं, प्रयत्न चालू आहे. तर म्हणाले, "झाली आणि माणसं जेवली, तर तुम्हा दोघा भावांना घरी जायला रजा देतो. नाही झाली तर तुझ्या भावाला आधी परत पाठवीन, आणि यापुढे कुठल्याच साइटवर तो हातात वेल्डिंगची नळी धरणार नाही याची व्यवस्था करीन." आवाज एकदम गोड. चहासुद्धा पाजला.

तू लिहिलंस, 'तो हट्टी आहे, तू त्याच्याहून हट्टी हो. फसव, रड, पाया पड, पण त्याच्या पोटात अन्न जाऊ दे. पाळण्याचं बघायला दुसरे आहेत, मला नवरा एकच आहे.' मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. साहेबांना जे हवंय आणि तुला जे हवंय ते एकच कसं झालं, वहिनी? माझं डोकं चालत नाही. पण तुझा शब्द मी आजवर खाली पडू दिलेला नाही.

पाणी उकळून, उघडं ठेवून, मग घेतोय, तू म्हणालीस तसं. धान्य पाट्यावर भरडलं. मावशीने मदत केली. खपली भिजत घातली आहे.

तुझा
बारक्या


९ फेब्रुवारी

वहिनी,

जमली.

काल फडकं उचललं तर वर बारीक बुडबुडे, आणि कडेला तो पांढरा फेस. वरचं पाणी काढून ठेवलं, खालचा गाळ उकळत्या पाण्यात सोडला, एका हाताने सोडत आणि दुसऱ्याने ढवळत, थांबायचं नाही, तू लिहिलं होतंस तसं. गुठळी झाली नाही. मग ते काढलेलं पाणी थोडं थोडं परत. मीठ. लसूण जाळला, अगदी काळा होईपर्यंत, आणि चर्र आवाज आला. एक घोट घेतला आणि मी पोत्यावर बसलो. मावशीने घाबरून विचारलं, "नासलंय का रे?" तिच्याकडे असलं काही करत नाहीत. मी म्हटलं, नाही मावशी, झालंय. ती म्हणाली, मग रडतोस का, येड्या?

वास खिडकीतून बाहेर गेला असणार. पलीकडे माणसं कामावरून परतत होती. चालता चालता एकेक जण थांबला. सुतारकाका, आमच्यातले सगळ्यात म्हातारे, डोक्यावरची टोपी काढून उभे राहिले, देवळासमोर उभे राहावं तसे. मग दादा मागून आला, त्यांच्या खांद्याला धरून पुढे घेऊन गेला. खिडकीकडे त्याने बघितलं नाही.

गेल्या सोमवारपासून त्यांनी पावही सोडलाय. साहेबांनी पाळणा दुप्पट वेळा चालवायला लावला, काम मागे पडलं म्हणून. त्याचं हे उत्तर. नुसतं मीठपाणी. दादाही. रोज वर चढतो, पाळण्यात बसत नाही, शिडीने चढतो. मधल्या टप्प्यावर थांबतो, पोटाला हात लावून. मी खालून बघतो.

साहेब येऊन गेले. नाकाला रुमाल लावून पातेल्यात बघितलं. "हे खातात?" म्हणाले. "यासाठी जीव टाकतात?" मग म्हणाले, "उद्या दुपारी अंगणात चूल मांड. वारा कुणीकडून येतो बघ आणि त्या बाजूला मांड. मी स्वतः उभा राहीन."

वाऱ्याची बाजू. हे मला नसतं सुचलं.

उद्या मी वाढणार आहे. दादाच्या पोटात अन्न गेलं पाहिजे. मग तो मला जन्मभर बोलला नाही तरी चालेल, तसाही बोलत नाहीच. तू माझ्या बाजूने आहेस ना? एवढंच मनाला सांगत बसलोय.

बारक्या


१३ फेब्रुवारी

वहिनी,

दादा जिवंत आहे. हे पहिलं वाच आणि मग पाणी पी, मग पुढे वाच.

इथल्या गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात आहोत. त्याचं ऑपरेशन झालं. पोटात जखम होती, ती फुटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर हातचा गेला असता. आता शुद्धीवर आहे, पण तोंडाने काही द्यायचं नाही, सगळं सलाइनमधून. मी बाहेर बाकावर बसून लिहितोय.

मी तुझं ऐकलं नाही. कसं झालं ते सांगतो, मग तू काय म्हणायचं ते म्हण.

मंगळवारी दुपारी चूल अंगणात मांडली. पातेलं एवढं मोठं की मी आणि मावशी दोघांनी धरून आणलं. साहेब खुर्ची टाकून बसले, बाजूला ऑफिसचे दोघं-तिघं. माणसं आली, रोजच्यासारखी ओळीने बसली, ताटं पालथी घातली. वारा सरळ त्यांच्या तोंडावर. मी झाकण काढलं.

अंगणात इतकी शांतता की पेजेचा फदफद आवाज ऐकू येत होता. एका पोरसवदा फिटरने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. कुणीतरी हुंदका दिला. मग सुतारकाका उठले. आपलं ताट त्यांनी सुलटं केलं आणि माझ्यासमोर आणून धरलं. माझ्याकडे बघेनात. "माझ्याने नाही होत रे," एवढंच म्हणाले.

साहेब खुर्चीतून पुढे सरकले. "शाबास! वाढ त्यांना."

माझा हात पातेल्यात आणि पळी वर येईना. तेवढ्यात ओळीतून दादाचा आवाज आला. "वाढ. काकांना वाढ. त्यांचं वय नाही हे." आणि काकांना म्हणाला, "बसा काका, इथे माझ्याजवळ बसून खा. कुणी काही म्हणणार नाही."

मी वाढलं. काका दादाशेजारी बसून पेज प्यायले. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, ताट दोन्ही हातांत. दादा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता, आणि त्याचा गळा हलताना मला दिसत होता, वहिनी. तो आवंढे गिळत होता. हातभर अंतरावर तुझी पेज.

साहेब उभे राहिले. "चला, आता पुढचा कोण? लाजू नका!" कुणीच हललं नाही. साहेब माझ्याकडे वळले. "भावाला वाढ. त्याने खाल्लं की सगळे खातील."

मी वाटी भरली. घेऊन गेलो. दादासमोर बसलो, तू सांगितलं होतंस तसं पाया पडायलाही तयार होतो. म्हटलं, "दादा, वहिनीने पाठवलंय. आंबवण तिचं आहे."

"कळलं मला," तो म्हणाला. "परवाच कळलं, वासावरून. अगदी तिच्यासारखी झालीय." आणि मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं, "बारक्या, मी खाल्लं तर उद्या हे सगळे त्या पाळण्यात बसतील. मला सांग, मी खाऊ का? तू म्हणशील तसं करतो."

त्याने कधी मला काही विचारलंय? कपडे कुठले घालायचे इथपासून शाळा कुठली इथपर्यंत, सगळं तो सांगायचा आणि मी करायचो. आणि विचारलं ते हे. समोर त्याचे खोल गेलेले डोळे, कानात तुझं वाक्य, मला नवरा एकच आहे. मी नको म्हणालो नाही, वहिनी. हो पण म्हणालो नाही. वाटी घेऊन उठलो, पातेल्यात परत ओतली आणि चूल विझवली.

साहेब ओरडले, "हे काय चाललंय?"

मी म्हटलं, "साहेब, चूल बंद. ही पण आणि आतली पण. पाळणा बंद होईपर्यंत कुणालाच जेवण नाही. ऑफिसलाही नाही." माझा आवाज चिरकत होता, वीर बीर काही नव्हतो मी. मावशी आत गेली आणि तिने नळाची मोठी चावी फिरवून पाणीच बंद केलं. मी तिला सांगितलं नव्हतं. मी जाऊन ओळीच्या शेवटी बसलो. ताट नव्हतं माझ्याकडे. शेजारच्याने आपलं अर्धं माझ्याकडे सरकवलं, पालथंच.

साहेबांना वाटलं एका दिवसाचा तमाशा आहे. पण ऑफिसातल्यांनी तो दिवस बिस्किटांवर काढला, आणि दुसऱ्या दिवशी बिस्किटंही संपली. गाव लांब, ट्रक यायला अवकाश. इतके दिवस आमच्या ओळींकडे न बघता जाणारे इंजिनियर दुपारी पाळण्यापाशी गेले, वर बघितलं, त्या जोडलेल्या आकड्याकडे बघितलं आणि परत फिरले. रिकाम्या पोटी त्यांनाही तो टाका दिसायला लागला. म्हणाले, आम्ही नाही बसणार यात.

आणि काल सकाळी दादा शिडीवरून पडला. उंचावरून नाही, चार पायऱ्यांवरून. पण तोंडातून रक्त आलं. मी त्याला मांडीवर घेऊन बसलो होतो आणि साहेब स्वतःची गाडी काढायला धावले, हे सांगायला हवं. तेही घाबरले होते. गाडीत बसताना म्हणाले, "मी पाळणा बंद करायला सांगितलंय. आज, आत्ता. तुझ्या भावाला सांग." मी दादाच्या कानात सांगितलं. ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

दुपारी मामा येऊन सांगून गेले की पाळण्याला कुलूप आहे, दोर काढून जमिनीवर टाकलाय, नव्याची मागणी गेली. माणसं जेवली. मावशीने वाढलं. पातेल्यात उरलेली पेज तिने तीन दिवस उन्हात-सावलीत सांभाळली होती. आंबून आंबून दात शिवशिवतील इतकी झाली होती, तरी तळ दिसेपर्यंत प्यायले म्हणे.

माझी नोकरी गेली. त्याचं काही नाही. पण ऑपरेशनच्या खोलीत नेताना दादा मला म्हणाला, "तिला लिहू नकोस." आणि मी लिहितोय. म्हणजे एकाच आठवड्यात दोघांचाही शब्द मोडला.

रागाव. पण उत्तर दे.

बारक्या


२४ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र मामांच्या हातात देतोय. गाडी बदलायला तू ज्या स्टेशनावर उतरशील तिथे ते उभे असतील. जाडे आहेत, मिशा आहेत, आणि बोलायला लागले की थांबत नाहीत. त्यांच्याबरोबर ये. पुढे ट्रकमध्ये बसावं लागेल, पण पुढच्या सीटवर, मी त्यांना बजावलंय.

आपल्या शाळेच्या मास्तरीणबाईंनी हॉस्पिटलात फोन केला तेव्हा मी इथल्या हॉटेलात भांडी घासत होतो. हो, आता पळीही नाही, घासणीच. मालक भला आहे, माडीवर खोली दिली. नर्सबाईंनी निरोप सांगितला, 'तुमच्या वहिनी निघाल्यात, एकट्या.' मी दोनदा विचारलं, एकट्या? तू गावाबाहेरच्या बाजाराला जातानाही शेजारणीला घेऊन जाणारी!

तुझ्या पत्राचं उत्तर समोरासमोरच देईन. 'त्याने तुला विचारलं आणि तू त्याच्या तोंडात घातलं नाहीस, हे मी विसरणार नाही. आणि घातलं असतंस तर तेही विसरले नसते,' असं तू लिहिलंस. यात मी कुठे उभं राहायचं ते मला कळलेलं नाही. तू आल्यावर दाखव, तिथे उभा राहीन.

दादा बरा आहे. या वेळी खरंच. काल डॉक्टरीणबाईंनी पातळ द्यायला परवानगी दिली. मी भाताचं पाणी नेलं, तर म्हणाला, अळणी आहे. मी म्हटलं, अळणीच द्यायचंय. म्हणाला, "एवढा मोठा आचारी आणि मीठ कळत नाही." टाके ओढले जातात म्हणून हसता येत नाही त्याला, पण हसला. सुतारकाका परवा येऊन बसले होते. नवा दोर आला म्हणाले, जाड आहे, काळा आहे, दोन वेळा वजन लटकवून बघितला. दादाने आकड्याबद्दल विचारलं. अखंड, म्हणाले काका, कुठे टाका नाही. दादाने डोळे मिटले आणि काका जाईपर्यंत उघडले नाहीत. वर चढायचं काम त्याला आता करता येणार नाही, डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. तो विषय तो काढत नाही. मीही काढत नाही. तूही एकदम काढू नकोस.

आज सकाळी त्याला सांगितलं, वहिनी निघाली.

"तिला कुणी सांगितलं यायला?" केवढ्याने ओरडला! शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठला. "एवढा प्रवास, एकटी, थंडीत! तुला म्हटलं होतं, लिहू नकोस! एक काम धड करशील तर शपथ!" मी मान खाली घालून ऐकून घेतलं. किती महिन्यांनी दादा मला ओरडत होता, आणि मला ते बंद व्हायला नको होतं.

मग दम लागला म्हणून पडून राहिला. छताकडे बघत. थोड्या वेळाने गालावरून हात फिरवला. उलटा, मग सुलटा.

"बारक्या," म्हणाला, "इथे दाढी करणारा मिळतो का रे कुठे?"

बारक्या